धोंड्याच्या ताटावर मागितलेलं रक्त

आमच्या घरात दोन डॉक्टर आहेत आणि दोघांनीही वैद्यकाचं पुस्तक कधी उघडलेलं नाही. पहिले आमचे हे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून यांचा सगळा जीव गोळ्यांवर. चहाच्या आधी एक, नाश्त्यानंतर दोन, शिवाय आठवड्याची एक मोठी. टीव्हीशेजारी डब्यांची रांग लागलेली, आणि एका डब्यावर तर उधळलेल्या घोड्याचं चित्र. दुसरे डॉक्टर म्हणजे माझे थोरले दीर. ते माकणीकडे शेती करतात आणि आठवड्यातून दोनदा तरी मोटारसायकलवरून लोहाऱ्याला आमच्याकडे येतात. त्यांच्या मते जगातल्या साऱ्या रोगांचं कारण हायब्रीड आणि साऱ्यांचा इलाज गावरान. ज्वारी हायब्रीड झाली आणि माणसांचे गुडघे गेले, कोंबडी हायब्रीड झाली आणि पोरांना चष्मे लागले, असं ते छातीठोकपणे सांगतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे या दोघांच्या मध्ये बसून माझं डोकं किती फिरत असेल याची कल्पना कुणीही करावी.

आमची एकुलती एक लेक अणदूरला दिली आहे. पहिलटकरीण, चौथा महिना लागला म्हणून माहेरी आली, तर तिच्या अंगात रक्तच भरेना. गोळ्या चालू असूनही हिमोग्लोबिनचा आकडा जागचा हलेना. झालं! यांनी दोन गोळ्या वाढवल्या. दिरांनी पोतंभर अंबाडी, शेवग्याची पानं, गूळ, काळे तीळ आणि वर लोखंडी तवा आणून दिला.

"आवो, गोळ्या खाऊन रगत व्हतंय व्हय? रगत अन्नातनं व्हतंय," दीर म्हणायचे.

"दादा, तुझ्या अंबाडीत नेमकं किती लोह आहे ते सांग. डब्यावर लिहिलंय बघ, मोजून!" हे म्हणायचे.

लेक बिचारी सकाळी बापाचं ऐकायची, संध्याकाळी काकाचं. आकडा मात्र दोघांनाही जुमानेना.

शेवटी तिला लातूरला नेलं. दोन्ही भाऊ गाडीत वाटभर भांडत होते. डॉक्टरीणबाईंनी रक्ताची वेगळीच तपासणी करून घेतली, आणि अहवाल आल्यावर आम्हाला बसवून शांतपणे सांगितलं, की हे लोह कमी असल्यामुळं नाहीच. मुलीला थॅलेसेमिया मायनर आहे. जन्मापासूनच आहे. आईबापांपैकी कुणा एकाकडून आलेलं. तिला स्वतःला यानं धोका नाही, थोडा अशक्तपणा राहील, एवढंच. फॉलिकची गोळी चालू ठेवा, बाकीच्या वाढवलेल्या बंद करा.

"म्हणजे एक गोळी तरी राहिली," हे पुटपुटले. मी यांच्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य यांनी गिळलं.

मग बाईंनी कागदावर चार घरं काढली. मी दरवर्षी फळ्यावर काढते तीच, आनुवंशिकतेच्या, वाटाण्याच्या धड्यातली. नवऱ्यातही हाच दोष असेल तर बाळाला चारात एक वेळा मोठा आजार होऊ शकतो. मग जन्मभर रक्त चढवत राहायचं. नवऱ्यात नसेल तर ती भीतीच नाही. त्याचं रक्त ताबडतोब तपासा, पुढं बाळाची तपासणी करावी लागली तर वेळ फार नाही. इतकी वर्षं मी ती घरं काढून पोरांचे मार्क कापत आले आणि त्या दिवशी त्यातल्या एका घरात माझं नातवंड बसलेलं दिसलं.

आता आली खरी पंचाईत. अधिक महिना चालू होता आणि दोनच दिवसांनी जावई धोंड्याला येणार होते. अधिकात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, कपडे करायचे, दिवा द्यायचा. जावयाला द्यायचंच असतं. त्याच्याकडून काही मागायची रीत कुठंच नाही. आणि आम्हाला तर त्यांचं रक्त मागायचं होतं!

"मी न्हाय बाबा त्यात," दीर म्हणाले. "धोंड्याला बोलवून रगत मागायचं? पाव्हणं काय म्हणतील? आन् इहीणबाई? म्हणतील, पोरगी देतानाच का न्हाय सांगितलं?"

"आम्हाला तरी कुठं माहीत होतं?" मी चिडून म्हणाले.

पण त्यांचं चुकीचं नव्हतं. लेकीलाही तीच धास्ती होती. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तिच्या सासूबाई कौतुकानं म्हणाल्या होत्या, आमच्या घरात सगळी ठणठणीत निपजतात. ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलेलं. नवऱ्याला तिनं अजून एका शब्दानं सांगितलं नव्हतं. "जेवण होऊ दे, मग मीच सांगते. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही," असं तिनं आम्हा तिघांकडून कबूल करून घेतलं.

जावई आले. त्यांचं अणदूरला बी-बियाणांचं दुकान आहे. माणूस हसतमुख आणि बोलका. पाट मांडला, रांगोळी काढली, कपाळाला कुंकू लावलं, नवी टोपी घातली. पहिला धोंडा फोडून त्यांनी त्यावर तूप घेतलं, आणि आमच्या ह्यांना दम निघाला नाही.

"पाव्हणं, आता परदेशात म्हणे माणसाचे जनुकसुद्धा दुरुस्त करतात."

मी पदराआडून यांना चिमटा काढला. उशीर झाला होता.

"हो मामा, मीही वाचलंय," जावई खुलले. "पेशी बाहेर काढतात, दुरुस्त करतात आणि परत अंगात सोडतात. रक्ताच्या आजारावर तर सुरूसुद्धा झालंय."

दिरांचा हात घास तसाच धरून थांबला. "म्हंजी माणसाचं बीटी करणार?"

"होऊ दे की बीटी! बोंडअळी गेली ना कपाशीची?" हे म्हणाले.

"गेली? गुलाबी होऊन परत आली की! इचार पाव्हण्यान्ला, दुकानात रोज तीच रड असती. आन् आज आजार काढतील, उद्या म्हणतील रंग गोरा करा, उंची वाढवा. गावरान माणूस दावायला ठेवतील का न्हाय एखादा?"

जावई हसायला लागले. यांना चेव चढला. "उंची राहू दे दादा. पण खराब असेल ते जन्माच्या आधीच काढून टाकलेलं काय वाईट?"

लेक तुपाची वाटी घेऊन दारात उभी होती. "पप्पा," ती म्हणाली, "खराब म्हणजे मी."

मला यांचा असा राग आला की वाढायचा डाव हातात होता तो बरा, नाहीतर काय केलं असतं कोण जाणे. लेकीनं वाटी खाली ठेवली आणि नवऱ्याच्या समोर बसून सगळं सांगितलं. लातूर, अहवाल, चार घरं, चारात एक. मध्ये कुठंही थांबली नाही. शेवटी म्हणाली, "आणि आता तुमचं रक्त पाहिजे."

जावयांनी आधी विचारलं ते, "तुला काही त्रास होतो का?"

ती नाही म्हणाली. मग ते उठलेच.

"पाव्हणं, भरलं ताट असं सोडू नये," दीर गडबडून म्हणाले.

"ताट आल्यावर बघतो, काका. लॅब किती वाजता बंद होते?"

मग जे झालं ते आठवलं की अजून हसू येतं. भर उन्हात पुढं नवी टोपी घातलेले जावई, त्यांच्या मागं हे, त्यांच्या मागं दीर, आणि सगळ्यात मागं हाताला पुरण लागलेली मी. लॅबमधला मुलगा कपाळावरचं कुंकू बघून चक्रावला. "काय कार्यक्रम हाय का?" त्यानं विचारलं. "धोंडं हायेत," दीर म्हणाले, आणि सुई दिसताच त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. नमुना लातूरला जाणार होता. परत आलो तेव्हा धोंडे गार झाले होते, तरी जावयांनी पोटभर खाल्ले.

त्यानंतरचे दिवस मात्र जाता जात नव्हते. दोन भाऊ भांडायचे बंद झाले. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. दीर रोज यायचे, आणि येताना भाजी आणायची विसरायचे. एका दुपारी मी पापड वाळत घालत होते, तर गच्चीवर आले आणि उगीच कठड्याला हात लावत उभे राहिले.

"तुम्ही इज्ञान शिकवता," ते हळूच म्हणाले. "ते पेशी दुरुस्त करायचं औषध… समजा लागलंच, तर आपल्याकडं मिळतंय का?"

मी खरं तेच सांगितलं. परदेशात आहे, महाग आहे, आपल्या हातापलीकडचं आहे.

"आसंना," ते म्हणाले. "हाय तर खरं ना कुठंतरी." मी पापडांकडं बघत राहिले.

अहवाल घेऊन जावई स्वतःच आले. दारात गाडी नीट उभीही केली नाही. "नाही! माझ्यात नाही!" असं ओरडतच आत घुसले. मी मोबाईल हिसकावून घेतला, आकडे वाचले, परत वाचले, डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, बाळाला मोठा आजार व्हायचा नाही. झालंच तर आईसारखं असेल, बस्स. मी ते मोठ्यानं सांगितलं आणि घरात नुसता गोंधळ उडाला! हे रडत होते आणि हसत होते. जावयांनी त्यांच्या आईला फोन लावून दिला तर त्या म्हणाल्या, "मला काय सांगताव, पोरीला जेवाय घाला आधी." एवढ्याचाच आम्ही इतके दिवस धसका घेतला होता!

जावयांच्या आनंदाला पारावार नव्हता. "आणि बाळात हिच्यासारखं थोडं आलंच," ते म्हणाले, "तरी बाळ मोठं होईपर्यंत विज्ञान कुठल्या कुठं गेलेलं असेल. तेवढंही काढून टाकता येईल." हे जोरजोरात मान हलवत होते.

"कशाला काढायचं?" दीर एवढ्या मोठ्यानं म्हणाले की आम्ही सगळे दचकलो. "आजार आसंल तर काढा, मी आडवा येणार न्हाय. पण हे तर पोरीसारखं हाय. पोरीसारखं हाय त्येला कुणी हात लावायचा न्हाय."

लेक त्यांच्याकडं बघतच राहिली. मग उठली, आणि इतके दिवस दाबून धरलेलं सगळं रडू तिनं काकांच्या खांद्यावर मोकळं केलं.