मीठ सोड
लोणारच्या सरोवराचा उग्र, खारा वास आला की मला तिथली एक पंगत आठवते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. काठावरच्या मठातले बुवा शिंकले तरी शिष्य त्याचा अर्थ लावत. त्या दुपारी बुवांनी वरण चाखलं आणि वाढप्याला म्हणाले, "मीठ सोड." वरण अळणी होतं, एवढंच. पण सगळ्या पंगतीने हात जोडून जन्मभरासाठी मीठ सोडलं. शेजारी बसलेल्या सुताराने मला विचारलं, "मास्तर, आज्ञाच व्हय ना हे?" मला गंमत सुचली. गंभीर चेहऱ्याने मी म्हणालो, "हाव, आज्ञाच." आठवड्यात घरोघरची मिठाची मडकी सरोवरात रिती झाली आणि मीठ खाणाऱ्याला विहीर बंद झाली. बुवांच्या वरणात मात्र मीठ पडत राहिलं. वैशाखात करवत ओढता ओढता तो सुतार कोसळला. मी धावत जाऊन खरं काय ते सांगितलं, मिठाचं पाणी त्याच्या ओठाशी धरलं. त्याने तोंड फिरवलं. "तवा तर तुमीच हाव म्हनले, आता काऊन फिरून राह्यले?" मग डोळे मिटून पुटपुटला, "बुवा, मास्तरले माफ करजो." तिसऱ्या दिवशी तो गेला. मठाने त्याची समाधी बांधली आणि दगडावरचा मजकूर मास्तरांनीच लिहावा असा आग्रह धरला. मी लिहून दिला. आता तिथे यात्रा भरते, आणि माझ्या त्या ओळींवर लोक डोकं टेकवतात.