दुमडीतले धागे

मामांचं रफूचं दुकान म्हणजे जिन्याखाली कोंबलेलं एक टेबल, एक दिवा आणि जाड भिंगाच्या चष्म्यामागे बसलेले मामा. फाटलं कुठे होतं ते गिऱ्हाइकालाच सापडू नये, असा त्यांचा हात. मामी म्हणायच्या, "यांचा रफू आणि यांची घरकामातली मदत, दोन्ही शोधूनही दिसत नाहीत!"

सातवीतली एक मुलगी त्यांच्याकडे शाळेचा कोट घेऊन यायची. कधी खिसा उपटलेला, कधी बाही टरकावलेली. वर्गातल्या मुली ओढतात, एवढंच तिने पहिल्या खेपेला सांगितलं होतं, पाचवीत असताना.

"आईला सांगू नका ना, मामा. ती शाळेत भांडायला येईल आणि मग त्या आणखी मारतील."

मामा विरघळले. "अगं, कळेलच कसं? मी बसलोय ना इथे!"

कोटाच्याच खालच्या दुमडीतून धागे काढायचे आणि फाटल्या जागी विणायचे. रंग तोच, पोत तोच. दोन वर्षं मामांनी हे केलं, आणि भलत्याच अभिमानाने केलं.

मग सरकारने सगळ्या शाळांना दादागिरी रोखण्याचा कार्यक्रम सक्तीचा केला. समिती आली, अर्ज आले. मुलीने धीर करून अर्ज भरला. समितीच्या बाईंनी कोट टेबलावर पसरला, तर कोट ठणठणीत! साक्षीला मामांना बोलावलं.

"कुठे फाटला होता, दाखवा."

मामांनी बाही चाचपली, खिसा उलटा केला, खिडकीपाशी नेऊन पाहिलं. स्वतःचंच काम त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी खालची दुमड उसवून दाखवली. "बघा बाई, आत काही उरलंच नाही. सगळे धागे संपले."

"काढले कोणी?"

"मीच."

"आणि फाडताना कोणाला पाहिलंत?"

"...नाही."

बाई वाईट नव्हत्या हो. नव्या होत्या, रकान्यांना घाबरत होत्या. 'झालेले नुकसान' यापुढे त्यांनी 'आढळले नाही' असं लिहिलं. मुलगी मामांना म्हणाली, "जाऊ द्या, मामा." जणू मामाच लहान होते.

तक्रार कोणी केली ते आता वर्गाला कळलं होतं. महिनाभरात मुलीने शाळा सोडली. घराबाहेरच पडेना.

एका दुपारी तिची आई दुकानात आली, हातात कोट. मामांनी सवयीने हात पुढे केला. तिने कोट दिला नाही.

"दोन वर्षं माहीत होतं तुम्हाला?"

"हो, ताई."

"रोज सकाळी मीच तिला हा घालायचे, मामा. बटणं मी लावायचे."

आई स्टुलावर बसली आणि कोट मांडीवर घेऊन बोटांनी एकेक जागा शोधू लागली.