पुढल्या दाराची ओटी

वहाब आगबोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचं जेवण रांधायचा. माणसांच्या पोटाची काळजी वाहण्यातच त्याची उमर गेली. बोटीवरची नोकरी सुटली आणि तो बोर्लीजवळच्या आपल्या घरी कायमचा येऊन बसला, तेव्हा घरात उरली होती दोन माणसं, तो आणि त्याची बायको रहिमुन्निसा. एकुलती एक कुबरा लग्न होऊन मुरुडला गेलेली. बापाने हौसेने बांधलेलं एवढं मोठं कौलारू घर, पुढे लांबलचक पडवी, मागे नारळ-सुपारीची वाडी, गोड्या पाण्याची विहीर, आणि खायला तोंडं दोन! सवयीने तो भात जास्त टाकायचा आणि बायकोची बोलणी खायचा. त्याला एवढंच वाटायचं, की एकदा हे घर माणसांनी भरावं, आणि जाताना त्या माणसांनी म्हणावं, आम्ही वहाबच्या घरी उतरलो होतो. दुसरं काही मागणं नव्हतं त्याचं.

दादू त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. मुंबईत एका कचेरीत शिपाई होता. गावात आला की साहेब व्हायचा आणि मुंबईत गेला की बागाईतदार. तोंडाचा मोठा, पण मनाचा वाईट नाही, असं आम्ही सगळे म्हणायचो. आता म्हणत नाही. त्याची बायको आवडाबाई गावातच राहायची. कुबरा जन्मली तेव्हा रहिमुन्निसा तापाने फणफणली होती, आणि पोरीला अंगावर पाजलं ते या आवडाबाईने. तेव्हापासून ती कुबराची दूधआई. दोन घरांमधलं नातं असं होतं, म्हणून तर पुढचं सगळं इतकं लागलं.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. दादूच्या चाळीतल्या लोकांनी नाताळच्या सुट्टीत समुद्रावर जायचं काढलं. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बाया, पोरंटोरं मिळून पन्नासेक माणसं. खानावळीचं खायचं नाही, परक्या हातचं तर मुळीच नाही. शिधा आपला, रांधणार आपण. जागा शोधायचं काम दादूच्या गळ्यात पडलं, किंवा त्याने ते हौसेने गळ्यात घालून घेतलं.

दिवाळीत तो आला आणि वहाबला बरोबर घेऊन फिरला. हरिहरेश्वरच्या धर्मशाळेत चुली उघड्यावर, वर माकडांचा सुळसुळाट. श्रीवर्धनला एक शाळा मिळत होती, पण पाणी लांबून आणायचं. दिवेआगरला एकांची पडवी पाहिली, ती वीस माणसांतच भरली असती. संध्याकाळी दोघे दमून वहाबच्या पडवीत चहा पीत बसले, आणि दादूने हळूच घरभर नजर फिरवली. वहाब मनातून त्याचीच वाट बघत होता. आपण होऊन कसं म्हणायचं म्हणून बिचारा गप्प होता, एवढंच.

मग काय विचारता! मागल्या पडवीत त्याने दगड-मातीची चुलाणं घातली. बोटीवरून आणलेले मोठाले टोप कल्हई करून घेतले. विहीर उपसली, लाकडं फोडून रचली. रहिमुन्निसाने महिनाभर घरात मासळी शिजू दिली नाही. भिंती पांढऱ्या केल्या, जमीन पुन्हा पुन्हा सारवली. पाहुण्यांना वास यायला नको म्हणाली. मंडळी सोवळ्याओवळ्याची आहेत, चार दिवस तुम्ही दोघं वाडीतल्या खोपीत राहाल का, असं दादूने विचारलं, त्यालाही दोघं आनंदाने हो म्हणाली. भिंतीवरच्या तसबिरी उतरवून ठेव, पोरं फोडतील, हेही त्याने सुचवलं. वहाबने बापाच्या वेळची मक्केची तसबीर कापडात गुंडाळून स्वतः खोपीत नेली. दोस्ताला आपल्या वस्तूंची किती काळजी, असं त्याला वाटलं. भोळा तो भोळाच.

मंडळी श्रीवर्धनला आगबोटीतून उतरली आणि बैलगाड्यांनी येऊन थडकली. घर बघून सगळ्यांची तोंडं फुलली. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या गोदूताईंचा एक नेम होता. परक्या ठिकाणी पहिली चूल पेटवायची ती घरधनिणीच्या चुलीतल्या विस्तवावर. त्यांनी दादूकडे विस्तव मागितला. दादू खोपीकडे धावला. रहिमुन्निसाने करवंटीत निखारे भरून दिले. आपल्या विस्तवावर पन्नास माणसांचं अन्न शिजणार म्हणून ती नवऱ्याकडे बघून लहान पोरीसारखी हसली.

दोन दिवस घर नुसतं गजबजून गेलं. वहाब लाकडं फोडून द्यायचा, शहाळी उतरवायचा, आणि पंगत बसली की लांबून बघत राहायचा. तसबिरीच्या खिळ्याला कुणीतरी गणपतीचं चित्र लावलेलं त्याने पाहिलं. पाहुण्यांचा देव, राहू दे, म्हणाला. तिसऱ्या दिवशी तो लाकडं घेऊन गेला तेव्हा गोदूताई पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्या अगदी मायेने म्हणाल्या, "तुम्ही राखणदार ना? दादूंचं घर फार जिवापाड राखलंत हो तुम्ही."

वहाबने हातातली मोळी हळूच खाली ठेवली. मान हलवून तो मागे फिरला. सुपारीच्या झाडांमागे त्याने दादूला गाठलं. दादूने आधी हसण्यावारी न्यायला पाहिलं, मग नजर चुकवली. तुझं नाव सांगितलं असतं तर एक माणूस आला नसता, म्हणाला. चार दिवसांचा तर प्रश्न, तुझं घर काय मी उचलून नेतोय?

"दादू," वहाब म्हणाला, "घर मागतास तर लिहून दिलं असतं. तू माझं असणंच पुसलंस."

हे तो पडवीत जाऊन सगळ्यांसमोर म्हणू शकला असता. नाही म्हणाला. चुलीवर भात होता, पानं मांडली होती, आणि जेवत्या माणसाच्या घासात खडा टाकायला तो काही दादू नव्हता. त्याने रहिमुन्निसालाही काही सांगितलं नाही. तिचं ते हसू त्याच्याने मोडवेना.

पण व्हायचं ते झालंच. निघायच्या दिवशी गाड्या जुंपल्या आणि गोदूताई अडून बसल्या. जिच्या विस्तवावर चार दिवस रांधलं, तिची ओटी भरल्याशिवाय पाय काढायचा नाही. घरच्या मालकिणीला बोलवा! दादूची गाळण उडाली. आता तरी खरं बोलावं ना माणसाने? तो घरी पळाला आणि आवडाबाईला नवं लुगडं नेसवून घेऊन आला.

आवडाबाई पुढल्या दाराने आली. उंबरठ्याच्या आत उभी राहिली, खाली मान घालून. गोदूताईंनी तिला हळदकुंकू लावलं, खण, तांदूळ आणि नारळ तिच्या पदरात घातला. नारळ वहाबच्याच वाडीतला. शेजारचे रघू, रतन, आम्ही सगळे गाड्यांजवळ उभे होतो, आणि आमच्यातला एकही जण बोलला नाही. रहिमुन्निसा माडाच्या बुंध्याशी उभी राहून बघत होती. तिला खणाची हाव नव्हती. महिनाभर आपण जो उंबरठा सारवला, त्याच्यावर दुसरी बाई घरधनीण होऊन उभी आहे, आणि ती दुसरी बाई म्हणजे कुबराची दूधआई आहे, एवढंच तिला दिसत होतं. ती खोपीत गेली आणि चुलीतल्या विस्तवावर तिने पाणी ओतलं.

दिवस कलला तेव्हा नवराबायको घरात परत आली होती. तसबीर पुन्हा खिळ्याला लागली होती. मागल्या दाराशी आवडाबाई आली. डोळे रडून सुजलेले, पदरात तो खण आणि नारळ.

"भाबी, हे तुझं हाय," ती म्हणाली. "मला न्हाय म्हणता आलं न्हाय गो."

रहिमुन्निसा जागची उठली नाही. वहाब दाराशी आला. त्याचा आवाज चढला नाही, उलट तो फार हळू बोलला.

"वहिनी, घ्यायला पुढल्या दाराने आलीस. द्यायलाही पुढल्याच दाराने ये. दार उघडं हाय."

पुढल्या दारासमोरच्या रस्त्यावर दिवेलागणीला गावातली माणसं गप्पा मारत बसली होती. मंडळींबरोबर न जाता मागे राहिलेला दादूही त्यांच्यात होता, पाहुण्यांनी केलेली घराची तारीफ गाडीवानांकडून ऐकत. आवडाबाईने एकदा तिकडे पाहिलं. मग पदर सावरून ती वाडीतल्या वाटेने आली तशीच माघारी गेली. वहाबने पुढलं दार बराच वेळ उघडं ठेवलं होतं.