मामांच्या घरच्या नव्या खिडक्या

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं विचाराल तर दशरथमामांचे. पुढचं मात्र मी आजवर तोंडानं कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? बहुतेक थकलोय म्हणून. लपवायलाही रोज थोडं बळ लागतं, आणि ते आता उरलेलं नाही.

वडील गेल्यावर आईनं मला मामांकडे ठेवलं, नवेगाव बांधच्या अलीकडच्या एका लहान गावात. रोवणीच्या दिवसांत घरची सगळी माणसं धानाच्या बांधीत, चिखलात — आणि मी ओसरीवर पुस्तक घेऊन. "त्याले बलावू नका," मामा मामीला म्हणायचे. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, तो असा. आता गोंदियात एका कार्यालयात लिपिक आहे, जवळच मुर्रीला राहतो.

मामा गावचे पाणकर होते. तलावाच्या मातीच्या पाळीत पाणी सोडायचं दार असतं, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. ते कधी उघडायचं, कोणाच्या बांधीत किती वेळ पाणी जाऊ द्यायचं, कधी बंद करायचं — हे गावानं मामांवर सोडलं होतं. पाण्यावरून सख्खे भाऊ अबोला धरतात, पण मामांच्या शब्दावर कोणी हरकत घेत नसे. मामांकडे मान होता तो एवढाच. त्यांना तो पुरत होता.

दोनेक वर्षांमागे मामांच्या घरच्या लाकडी खिडक्यांना वाळवी लागली. मी म्हटलं, काढून टाकू, ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवू. "तू शिकला हायेस, तूच पाय," मामा म्हणाले. ठेकेदार मीच आणला. आमच्या कार्यालयात येणारा माणूस. मला 'सर' म्हणायचा, भेटला की आधी चहा मागवायचा. हसू नका — ज्याच्या घरात कोणाला बाहेरच्यांनी कधी 'अहो' म्हटलं नाही, त्याला हे फार गोड लागतं.

दिवाळीच्या तोंडावर खिडक्या बसल्या. मी तिथंच होतो. अशा खिडकीच्या खालच्या पट्टीला बारीक भोकं असतात, पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून. माझ्या घरी ती बाहेरच्या अंगाला आहेत. मामांच्या खोलीत ती आत आली होती. चौकट उलटी बसली होती. मी विचारलं. "टेन्शन मत लो सर, नया मॉडल है," तो म्हणाला. मी मान हलवली. मला ते पटलं होतं का? नाही. पण 'सर' म्हणणाऱ्याशी भांडायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं — नाही, ही सबब झाली. मला भांडायचंच नव्हतं.

कापणी झाल्यावर अवकाळी पाऊस आला, वाऱ्यासकट. त्या खिडकीखाली बियाण्यासाठी निवडून ठेवलेल्या धानाची पोती होती. मामीचा फोन आला, तसा मी ठेकेदाराला घेऊनच गेलो. खोलीत आधी मी एकटा शिरलो. खिडकी बंद होती. कडी लागलेली होती. ती मीच माझ्या हातानं उघडली. पट्टीतलं पाणी भोकांतून अजून आत झिरपत होतं. म्हणजे मला सगळं दिसलं होतं, असं नका समजू की अंधार होता.

ओसरीवर शेजारची माणसं जमली होती. मामी तडतडत होती, "कोंब येतीन आता धानाले! नव्या खिडक्या म्हने!" ठेकेदार हसला. "काकाजी ने खुली छोड़ी होगी."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन गा, मी तं लावलो होतो. कडी पाह्यलास ना तू?"

आणि मी म्हणालो — "मामा, वय झालं तुमचं. विसरले असाल."

एवढंच. ठेकेदार सुटला, मी सुटलो. मामा म्हणाले, "असंल बा. तू म्हनतेस तं असंल." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला — स्वतःवरचा सोडून.

गोष्ट गावात पसरली. उन्हाळी धानाच्या पाण्यासाठी गावच्या पाणी समितीची बैठक झाली, तेव्हा कोणीतरी बोललं, "खिडकी लावाची याद नाही राहत, तं बुढा तुडूम काय लावंल?" सगळे हसले. मामाही हसले म्हणे. पाणकर दुसरा झाला.

तेव्हापासून मामा बाहेर पडताना कुलूप ओढ-ओढून पाहतात. चुलीतला विस्तव विझवला का, हे मामीला पुन्हा पुन्हा विचारतात. मी सुटीत जातो, फळं नेतो, गोळ्या नेतो. एकदा तर त्यांना नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मी! डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं सगळं ठीक आहे. परतीच्या गाडीत मामा शेजारीच बसले होते. तेव्हा तरी बोललो का? नाही बोललो.

गेल्या आठवड्यात पत्र पाठवलं. फोनवर मी पुन्हा पळालो असतो. मामांना कमी दिसतं, मामी मोठ्यानं वाचून दाखवते, आणि ओसरीवर कोणी ना कोणी बसलेलं असतंच. ते ऐकतील, हे ठाऊक असूनच लिहिलं —

"तीर्थस्वरूप मामांस,
प्रकाशचा साष्टांग नमस्कार.
बियाण्याचं धान भिजलं, त्या दिवशी कडी लागलेली होती. ती मी उघडली. ठेकेदारानं चौकट उलटी बसवली होती आणि हे मला खिडकी बसली त्या दिवसापासून माहीत होतं. त्याच्याशी वाईटपणा नको, म्हणून मी चार माणसांत तुम्हाला विसराळू ठरवलं. पाणकराचं काम त्यामुळे गेलं. डॉक्टरांकडे नेलं, तेव्हाही मी गप्प राहिलो. गावच्या पाणी समितीलाही हेच माझ्या सहीनं लिहून पाठवलं आहे.
तुम्ही काहीही विसरला नव्हता.
तुमचा भाचा,
प्रकाश"