चारशे एकतीस होकार आणि एक

सिवर्ट हेल्लेम मास्तरांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत कुणालाच 'नाही' म्हटलं नव्हतं. त्यांचं लग्नही तसंच जमलं. राग्नाच्या बापाकडे ते गेले होते शिडी मागायला. म्हातारा जाळी आवरण्याच्या घाईत होता. अंगावर स्वच्छ कोट बघून त्यानं सरळ विचारलं, "पोरगी मागायला आलायस ना?" समोरच्याला तोंडघशी कसं पाडायचं, म्हणून मास्तर "हो" म्हणाले. शिडी लग्नानंतर मिळाली. राग्ना मात्र भली निघाली, आणि मास्तरांच्या वाट्याचे सगळे नकार पुढची तीस वर्षं तिनंच दिले.

सांडवोग हे खाडीच्या तोंडावरचं, हेरिंग आणि खारवलेल्या कॉड मासळीवर जगणारं गाव. मास्तर तिथल्या शाळेत शिकवायचे, चर्चची घंटा वाजवायचे आणि जन्म-मृत्यूची वही सांभाळायचे. वर दर डिसेंबरला गावच्या साप्ताहिकासाठी 'सालाचं पान' लिहायचे. त्यात तीन रकाने असत: घटना, जन्म, मृत्यू. ते पान घरोघरी कोठीच्या दारावर खिळ्यानं ठोकलं जाई आणि वर्षभर तिथंच राही. भांडणात पुरावा म्हणून लोक बायबलच्या आधी ते पान काढत. बावीस वर्षांत त्यात एकही खोटी ओळ नव्हती. नकोशा ओळी मात्र कुणीतरी येऊन गाळायला सांगे, आणि मास्तर "हो" म्हणत.

एकोणीसशे पाच साल मात्र रकान्यांत माईना. सात जूनला राजधानीत नॉर्वेच्या संसदेनं स्वीडनशी असलेली, एकाच राजाखालची सोयरीक मोडली. तारेनं बातमी आली तशी नगराध्यक्ष ब्रेक्के धावत चर्चकडे आले. "मास्तर, वाजवा!" मास्तरांनी इतकी वाजवली की दोर तुटला. जानेवारीत जन्मलेल्या एका पोराचं नाव स्वीडनच्या राजावरून ऑस्कर ठेवलं होतं. त्याचा बाप वहीतलं नाव बदलून घ्यायला आला. मास्तर "हो" म्हणाले, पण नवा राजा अजून ठरायचा होता, त्यामुळे ते पोर नोव्हेंबरपर्यंत नुसतंच 'पोर' राहिलं. नोव्हेंबरात हॉकोन राजा आला आणि गावात एकदम चार हॉकोन झाले. त्यातला एक कुत्रा होता.

खरी गोष्ट घडली ती ऑगस्टमध्ये. सोयरीक मोडली ते मान्य आहे का, असं सगळ्या देशातल्या पुरुषांना विचारलं गेलं. रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चमागच्या खोलीत मतदान झालं. टेबलावर छापील चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे होते. 'होय'चा गठ्ठा माणसागणिक उतरत होता, 'नाही'चा मात्र छापखान्यातून आला तसा सुतळीत बांधलेलाच होता. संध्याकाळी मोजणी झाली: चारशे एकतीस होय, एक नाही.

ब्रेक्केसाहेबांनी तीनदा मोजलं. आकडा बदलेना.

"हरामखोर!" ते म्हणाले. "शेजारच्या गावात सगळेच्या सगळे होय आलेत. आता राजधानीत आपलं नाव काय राहणार?"

"हो," मास्तर म्हणाले.

शोध सुरू झाला. पाववाल्याची आजी स्वीडनची, म्हणून त्यानं घाबरून आठवडाभर प्रत्येक पावावर साखरेचा झेंडा काढला. औषधवाल्यानं खिडकीत दोन झेंडे लावले, तर लोक म्हणाले, दोन कशाला लागतात? ऑक्टोबरात म्हातारा तोल्लाक वारला आणि गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. तोल्लाक हा जहाजांना खडकांतून वाट दाखवणारा वाटाड्या. तरुणपणी त्यानं एका बुडत्या स्वीडिश जहाजावरची अकरा माणसं वाचवली होती, आणि त्याबद्दल त्याला स्वीडनच्या राजाकडून चांदीचं घड्याळ मिळालं होतं. आणखी काय पुरावा पाहिजे? त्याच्या विधवेकडे, इंगेरकडे, शेजारणी कॉफीला जाईनाशा झाल्या. चर्चमध्ये तिच्या बाकावर ती एकटीच बसायला लागली. घंटेच्या दोराजवळून मास्तरांना तो बाक नेमका दिसे.

कारण ती एक चिठ्ठी मास्तरांनी टाकली होती.

स्वीडनबद्दल त्यांना फारसं प्रेम नव्हतं. स्वातंत्र्य त्यांनाही हवं होतं, दोर काही उगाच तुटला नव्हता. पण त्या रविवारी टेबलासमोर ते उभे राहिले, त्यांना तो कुणी हात न लावलेला गठ्ठा दिसला, आणि मनात आलं: आपल्या होकारानं काही अडत नाही, आपल्या नकारानं तर मुळीच नाही. जन्मात एकदा, कुणाचंच वाईट न करता, नाही म्हणून बघावं. हात गेला. पुढं दोन दिवस ते शीळ घालत होते आणि राग्नानं त्यांना एरंडेल पाजलं.

डिसेंबरात एका दुपारी ब्रेक्केसाहेब घरी आले. राग्नानं वाफल, म्हणजे जाळीदार गोड धिरडी, आणि कॉफी पुढं ठेवली. साहेबांनी खिशातून कागद काढला.

"सालाच्या पानासाठी एक ओळ आणलीय, मास्तर. मृत्यूच्या रकान्यात घाला. 'तोल्लाक वाटाड्या यांच्या निधनाने सांडवोग आता एकमताचे झाले.' कशी आहे?"

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"उन्हाळ्यात नवा राजा राज्याभिषेकाला बोटीनं उत्तरेला जाणार," साहेब सांगत होते. "वाटेत कुठं थांबायचं ते ठरवायला माणसं बसलीत. त्यांना हे पान पाठवायचंय. एकमताचं गाव! माझ्या मासळीच्या वखारीसमोर नवा धक्का बांधतोय, राजा तिथंच उतरेल."

"पण तोल्लाकनं..." मास्तर म्हणाले.

"मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, मास्तर."

"कोंबडं मेलंय," राग्ना चुलीपासून म्हणाली, "बायको जिवंत आहे त्याची. काल ती माझ्याकडे विचारायला आली होती, चर्चला पुढचा दरवाजा सोडून मागच्यानं आले तर चालेल का म्हणून."

"राग्नाबाई, हे राजकारण आहे."

"मग वखारीत करा. इथं मी वाफल करतेय."

साहेबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि कागद मास्तरांपुढे सरकवला. "तर ठरलं."

मास्तरांनी ती ओळ पुन्हा वाचली. जन्मभरात त्यांच्या मालकीची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, आणि ती आता एका मेलेल्या माणसाच्या नावावर चढत होती. तोल्लाकला ती नको होती. त्यांना हवी होती.

"नाही," मास्तर म्हणाले.

"छान. मग शुक्रवारपर्यंत छापखान्यात द्या."

"नाही, साहेब."

ब्रेक्केसाहेबांनी तोंडातला घास तसाच ठेवून आधी राग्नाकडे, मग पुन्हा मास्तरांकडे बघितलं. "म्हणजे शनिवारी?"

"म्हणजे ही ओळ मी लिहिणार नाही. तोल्लाकनं होय म्हटलं होतं. नाही मी म्हटलं."

 मग साहेब हसायला लागले. हसता हसता त्यांनी मिशीतला मुरंबा पुसला. "तुम्ही? अहो, तुम्ही शिंकताना सुद्धा परवानगी मागता! विधवेची दया आली, कळलं मला. मन मोठं आहे तुमचं."

"गठ्ठ्याची सुतळी मी सोडली. बोटाला चीर पडली होती. राग्नानं पट्टी बांधली."

राग्ना सावकाश वळली. "ती पट्टी? तुम्ही म्हणालात घंटेच्या दोरानं कापलं."

"दोर जूनमध्ये तुटला. मतदान ऑगस्टमध्ये."

आता मात्र साहेबांचं हसू थांबलं. "मास्तर, पान दुसरं कुणीतरी लिहील."

"लिहू दे की," राग्ना म्हणाली. "वहीची किल्ली ह्यांच्या कमरेला आहे. कोण जन्मलं, कोण मेलं, ते वखारीत विचारून लिहा म्हणावं." आणि तिनं साहेबांची बशी उचलली. तीत अजून एक वाफल होता.

पान छापून आलं. घटनांच्या रकान्यात लिहिलं होतं: 'ऑगस्ट १३. मतदान. होय ४३१. नाही १. हा नकार सिवर्ट हेल्लेम, शिक्षक, यांचा असून ते हयात आहेत.' मृत्यूच्या रकान्यात: 'तोल्लाक, वाटाड्या, वय ७८. अकरा माणसे वाचवली.'

अर्ध्या गावाचा विश्वास बसला नाही, अर्ध्याचा बसला आणि ते दोन महिने मास्तरांशी बोलले नाहीत. पुढच्या रविवारी राग्ना मुद्दाम उशिरा आली आणि धपकन इंगेरच्या बाकावर बसली. तिच्या मागोमाग पाववाला येऊन बसला. आता साखर वाचणार होती, तो खुशीत होता.

उन्हाळ्यात राजाची बोट सांडवोगसमोरून गेली. ब्रेक्केसाहेब नव्या धक्क्यावर उंच टोपी घालून उभे होते, शाळेतली पोरं गात होती. बोट थांबली नाही. शेजारच्या एकमताच्या गावीही थांबली नाही. पण साहेबांनी खापर मास्तरांवरच फोडलं, आणि "हे तुमच्यामुळं ना?" असं कुणी विचारलं की मास्तर सवयीनं "हो" म्हणत. तो एक नकार सोडला तर माणूस काही बदलला नव्हता.

पुढं काळ असा फिरला की सांडवोगमध्ये त्या एका नकाराला भाव आला. कॉफीच्या टेबलांवर पाच म्हातारे छातीवर हात ठेवून सांगायला लागले, "तो मीच!" त्यांपैकी एक तर त्या साली अमेरिकेत होता. ब्रेक्केसाहेबही एकदा म्हणाले, मला तेव्हाही शंका होतीच. मास्तर ऐकून घेत. राग्ना मात्र उठायची, कोठीच्या दारावरचं पिवळं पडलेलं पान खिळ्यासकट काढायची आणि टेबलावर आपटायची.

मास्तर एकोणीसशे चोवीसच्या मार्चमध्ये गेले. त्या सालाचं पान नव्या शिक्षिकेनं लिहिलं. राग्नानं तिला वहीची किल्ली दिली आणि कमरेवर हात ठेवून तिच्या खुर्चीमागे उभी राहिली. मृत्यूच्या रकान्यात आलं: 'सिवर्ट हेल्लेम, शिक्षक, वय ७२. १९०५ साली नाही म्हणाले.'

"दोनदा," राग्ना म्हणाली. "दोनदा म्हणाले. लिही."