दादाच्या पुस्तकात माय वारली

माझा थोरला भाऊ इंग्रजीत कविता लिहायचा. वडनेर भोलजीत ही गोष्ट सांगायची तरी कुणाला? लोक मलाच विचारत, "काऊन, मराठी येत नाही काय त्याले?" मी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवते आणि मायजवळ राहते. त्यामुळे घरात त्याची पुस्तकं वाचू शकणारी मी एकटीच. हा मान मला कधी मानवला नाही.

ज्या कवितेने त्याचं नाव झालं, जी मोठ्या शहरांतल्या कॉलेजात अभ्यासाला लागली, तिच्यात आमची माय मेलेली आहे. मुलगा तिची राख घेऊन पूर्णेच्या पात्रात उतरतो. पाणी गुडघ्याएवढंच असतं आणि राख पुढे सरकायला तयार नसते. माय ते पुस्तक पदराने पुसायची आणि विचारायची, "माह्याबद्दल काही लिवलं का त्यानं?"

"हाव, तुह्या हातच्या भाकरीबद्दल लिवलं," मी ठोकून द्यायचे आणि मनातून दादावर चिडायचे. जित्या आईला मारून नाव कमवायचं, ही कुठली रीत?

मग दादाच गेला. परक्या शहरात, झोपेत. तेव्हापासून ती कविता माझ्या मानगुटीवर बसली. जळगाव जामोदला जाताना बस पूर्णेच्या पुलावर आली की खाली पाण्यात मडकं घेऊन कुणीतरी उभं दिसायचं. घरी यावं तर माय मेथी निवडत बसलेली. मी उगाच तिच्या खांद्याला हात लावून बघायचे. भीती वाटायची, खरंच सांगते.

यंदा हिवाळ्यात पुण्याहून एक प्राध्यापक बाई आल्या. दादावर पुस्तक लिहीत होत्या. ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या म्हातारीकडे बघून त्यांनी विचारलं, "या कोण?"

"आमची आई."

बाईंचा चेहरा उतरला. "पण त्या तर कवितेत..."

मी डोळे वटारले, पण माय काही बहिरी नाही. ती खोदून खोदून विचारायला लागली. शेवटी मीच सगळं सांगून टाकलं.

वाटलं, आता रडेल. तिने शेंगा बाजूला सारल्या. "म्हंजे कळवलं म्हना त्यानं," ती म्हणाली.

आमच्याकडे कुणाच्या डोक्याला कावळा शिवला की तो माणूस गेल्याची खोटी बातमी नातलगांना धाडतात. ते रडले की मरण फसतं आणि माणसाचं आयुष्य वाढतं. मागाहून खरं कळवून टाकायचं. दादा एकदा दिवाळीला आलेला असताना वांग्याच्या वावरात मायला कावळा शिवला होता. मामाला कळव म्हणून तिने त्याला विनवलं. हा शिकलेला, हसला आणि सुट्टी संपवून निघून गेला. त्या हसण्याचा राग तिने इतकी वर्षं मनात ठेवला होता.

"रडलं का कोनी वाचून?" तिने बाईंना विचारलं.

"मी रडले," बाई म्हणाल्या. "दरवर्षी वर्गात कुणी ना कुणी रडतंच."

"म्हनूनच यम इकडं फिरकत नाही. पोरगा गेला अन मी बसली हाये." तिने बाईंपुढे हात जोडले. "तुमच्या पुस्तकात खरं लिवा, बाई. माय जिती हाये म्हना. लोकाइचं रडनं थांबू द्या. मले जाऊ द्या त्याच्यापाशी."

बाईंचं पुस्तक आता लिहून झालंय. आईंची भेट झाली हे शेवटी घालू का, असं त्या फोनवर विचारत असतात. माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही. वर्गात मी पोरांना तसं दरडावून सांगते. पण माय समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत असते आणि माझ्याने हो म्हणवत नाही.

"राहू द्या सध्या," मी बाईंना म्हणते. माय माझ्याकडे पाठ करून बसते.