दोन दारांचं गोदाम

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पण आमच्या घरातला कंप्युटर एकदा मी दुरुस्त केला आहे, आणि हे मी कोणालाही छातीठोक सांगतो. सून म्हणते, "मामाजी, तुम्ही फक्त बोलले." बोलण्यानंच झालं ना मग!

सून पुण्याच्या कंपनीत कामाला. नात झाल्यावर ती वडनेरला, आमच्याकडे राहून काम करू लागली. कंपनीनं अट घातली: महिनाभर पाहू, काम नीट झालं तर गावात राहा, नाही तर परत या. नात नुकतीच माझं बोट धरून चालायला लागली होती. म्हणजे ती अट सुनेला कमी आणि मलाच जास्त होती.

शेवटच्या दिवशी चार वाजता साहेबांना काम दाखवायचं होतं. जेवण करून पाहतो तर सून डोक्याला हात लावून बसलेली.

"काऊन वं, काय झालं?"

"मी इथं बदल करून राह्यली, अन् आतल्या मशीनले जुनंच दिसून राह्यलं."

"लाइट गेली असन."

"लाइट हाये, मामाजी!"

मग तिनं समजावलं. तिच्या कंप्युटरच्या पोटात दुसरा एक कंप्युटर चालतो. खोटाच, पण स्वतःला खरा समजणारा. डिस्क दोघांची एकच. बाहेरचा तिच्यावर नवं लिहितो, आतला जुनंच दाखवतो.

"तो दरवेळी डिस्क पाह्यते का?"

"नाही. एकदा वाचलेलं ध्यानात ठेवते. लवकर होते म्हणून."

मला हसू फुटलं. असा एक माणूस माझ्या ओळखीचा होता. मीच.

खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये मी गोदाम सांभाळायचो. पुढच्या दाराशी स्टुलावर बसायचं. आत सरकीची पोती किती, ते मला तोंडपाठ. उठून पाहणं म्हणजे कमीपणा. मागच्या दाराची किल्ली मुकादमाकडे. एकदा गिऱ्हाईक ट्रक घेऊन आलं. बसल्या जागी मी म्हणालो, "चाळीस पोते हायेत, लावा गाडी." कुलूप काढलं तर आत एक मांजर आणि तिची पिल्लं. मुकादमानं सकाळीच मागच्या दारानं सगळा माल तेलाच्या मिलला पाठवला होता. हमाल हसून लोळले, तरी मी अर्धा तास म्हणत होतो, गोदामच दुसरं उघडलं असेल!

तेव्हापासून शेठनं नियम केला. मागचं दार उघडलं, की मुकादमानं पुढं येऊन माझ्या स्टुलाला लाथ मारायची. मी उठायचं, आत पाहायचं, मगच बोलायचं.

"याच्या स्टुलाले बी लाथ मार," मी सुनेला म्हणालो. "ध्यानातलं पुसून टाक, अन् पाह्याले लाव."

ती कंप्युटरकडे वळली. "हाव, मामाजी!" म्हणाली आणि खटाखट बोटं चालवली. आतल्या मशीनपासून डिस्क सोडवली, पुन्हा जोडली. नवं काम समोर! मग आणखी काहीतरी केलं. "आता हा दरवेळी उठून पाहीन. जरा हळू चालन पण."

"चालू दे. मी बी हळूच चालतो."

चार वाजता तिनं दार लावलं. मी नातीला घेऊन ओसरीत बसलो. साडेचारला दार उघडलं.

"काय म्हणे साहेब?" मी बसूनच विचारलं.

"उठा, आत येऊन पाहा."

गेलो. पडद्यावर साहेबांचा निरोप होता. मला वाचायला वेळ लागतो. एकेका शब्दाखाली बोट धरून वाचलं: गावातूनच चालू द्या.

मी पुन्हा वाचलं. तेच होतं.